सातमाशी आजी, कापूस आणि काचेची पेटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आजी सातव्या महिन्यात जन्मली, तिला कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवलं आणि ती जगली, असं घरात सांगतात. मग तेव्हा काचेची पेटी नव्हती का? ही पेटी कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून आली आणि सुरुवातीला जत्रेत तिकीट लावून त्यातली बाळं दाखवायचे, हे खरं का? आणि ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ या म्हणण्यात काही तथ्य आहे का?

हो-नाहीत उत्तर देता येईल, पण त्याने तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. पेटी कोणी काढली हे सांगणं सोपं आहे. अडचण पुढेच आहे: कमी दिवसांचं बाळ मुळात मरायचं कशाने? ढोबळ मानाने चार गोष्टींनी. गार पडून, उपाशी राहून, जंतुसंसर्गाने आणि श्वास न पेलल्याने. पेटी हा यातल्या फक्त पहिल्या गोष्टीवरचा उपाय होता. म्हणून कोणत्या काळात कोणतं बाळ वाचू शकत होतं, हे त्याचं वजन किती, दिवस किती भरले होते, ते स्वतः ओढून पीत होतं का आणि त्याच्यापाशी रात्री कोण जागत होतं यावर ठरायचं. सव्वादोन किलोचं, रडणारं, पिणारं बाळ १८५० सालीही जगू शकत होतं. नऊशे ग्रॅमचं बाळ १९५० सालीही बहुतेक वेळा हाती लागत नसे.

आधी गारठ्याचं बघू, कारण सगळा इतिहास तिथूनच सुरू होतो. पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या अंगावर चरबी चढते आणि खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती एक खास तपकिरी चरबी साठते. ती जाळून नवजात बाळ ऊब तयार करतं. लवकर आलेल्या बाळाकडे हा साठा नसतो, कातडी कागदासारखी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार मोठा असतो. पूर्ण दिवसांचं बाळ हातपाय पोटाशी घेऊन ऊब धरतं, हे मात्र बेडकासारखं पसरून पडतं. त्यात जन्मताना अंग ओलं. एक मिलिलिटर पाणी सुकायला साधारण ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलोच्या बाळाच्या अंगावर दहा मिलिलिटर ओल असेल आणि ती सुकवणारी निम्मी उष्णता जरी बाळाच्या अंगातून गेली, तरी तापमान तीन अंशांहून जास्त उतरू शकतं. वरून पंखा किंवा उघडी खिडकी असेल तर हे किती भरभर होत असेल याचा अंदाज करा.

गार पडलेलं बाळ रडत नाही, हलत नाही, प्यायलाही मागत नाही. पूर्वी घरोघरी ‘किती शांत आहे’ म्हणायचे ते बाळ पुष्कळदा थंडीने मलूल झालेलं असायचं. गारठलं की ऑक्सिजन जास्त लागतो, साखर उतरते, श्वास मंदावतो. त्यामुळे मृत्यूचं कारण म्हणून ‘अशक्तपणा’ लिहिला जायचा. फ्रेंचमध्ये या बाळांना नावच ‘अशक्त’ असं होतं. जन्मतःच दुबळं, म्हणजे जाणारच, असा त्या शब्दाचा अर्थ होता. उपाय करायची गरजच वाटत नसे.

पेटीच्या आधीचे उपाय जगभर जवळपास सारखेच होते: लोकर, कापूस, पिसांची गादी, चुलीजवळची जागा, गरम पाण्याची भांडी, आईच्या किंवा दाईच्या अंगाशी धरणं. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळ्यांत एकच दोष. कापूस ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. आधीच गार पडलेल्या बाळाला कापसात गुंडाळलं की ते गारच राहतं. म्हणून शेगडी लागायची, पण तिची आच एका बाजूने. अंगाची एक बाजू भाजते, दुसरी गार, खोलीत धूर आणि पहाटे विस्तव विझला की सगळंच संपलं.

हे सुधारायचा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणजे दुहेरी भिंतींचं टब. सेंट पीटर्सबर्गच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात योहान गेओर्ग फॉन रूल यांनी १८३५ च्या सुमारास असं टब वापरलं. बोर्दोच्या झां-लुई-पॉल दनुसे यांनी १८५७ मध्ये आपल्या टबाचं छोटंसं वर्णन छापलं. लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे तर पुढे वर्षानुवर्षे अशी टबं वापरत होते. (नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत रूढ करणारे क्रेडे ते हेच.) दोन भिंतींमध्ये गरम पाणी भरायचं, आत गादी टाकून बाळ ठेवायचं, दर काही तासांनी पाणी बदलायचं. टब वरून उघडं असल्यामुळे बाळाचं डोकं खोलीतल्या हवेत राही. या बाळांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि बरीच उष्णता तिथूनच जाते. तरीही त्या टबात एक शहाणपणा होता. भिंतीच गरम असल्यामुळे बाळाच्या अंगातली उष्णता भिंतींकडे ओढली जात नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कोंबडीची गोष्ट. ती खरी आहे. पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूती रुग्णालयातले प्रमुख प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए १८७८ मध्ये शहरातल्या प्राणिबागेत गेले असताना त्यांनी तिथलं अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि तिथलं ते काम सांभाळणाऱ्या ओदिल मार्ताँ यांच्याकडून बाळांसाठी तसंच एक करून घेतलं. १८८० च्या सुमारास ते रुग्णालयात बसलं. मात्र यामागे नुसतं कुतूहल नव्हतं. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला होता, जन्मदर घसरत होता, लोकसंख्या कमी पडते आहे ही देशाची मोठी चिंता होती. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, त्या अशक्त बाळांना वाचवणं अचानक राष्ट्रकार्य झालं. रुग्णालयाला खर्च करायची बुद्धी झाली ती यामुळे.

तार्निए यांची पहिली पेटी चांगली कपाटाएवढी होती. लाकडाच्या दुहेरी भिंती आणि मधल्या पोकळीत भुसा. खालच्या अर्ध्या भागात पाण्याची टाकी आणि बाहेर दिव्यावर तापणारा छोटा बंब. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली येतं, या तत्त्वावर पाणी आपोआप फिरायचं. वरच्या भागात टोपलीत एकाहून जास्त बाळं मावत. खालच्या भोकांतून हवा आत यायची, टाकीवरून जाताना तापायची, बाळांभोवतून फिरून वरून बाहेर पडायची. अडचण अशी की ज्योत जरा मोठी राहिली तर पाणी तापतच जायचं आणि एवढं पाणी एकदा तापलं की लवकर निवत नसे. शिवाय दोन-तीन बाळं एकत्र असली की एकाचा आजार सगळ्यांना.

म्हणून तार्निए यांचे सहकारी आल्फ्रेद ओव्हार यांनी ती सोपी केली, आणि खऱ्या अर्थाने पसरली ती ही दुसरी पेटी. एका बाळासाठी, अंदाजे ६५ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि ५० उंच असा लाकडी खोका. आत आडवी फळी घालून दोन मजले, फळीचं एक टोक मोकळं. खाली अर्ध्या लिटरच्या आसपासच्या मातीच्या बाटल्या उकळतं पाणी भरून ठेवायच्या. बाजूच्या झरोक्यातून आलेली हवा बाटल्यांवरून जाई आणि मोकळ्या टोकातून वरच्या मजल्यावर येई. तिथे वाटेत ओला स्पंज टांगलेला, म्हणजे हवा कोरडी पडू नये. वर काचेचं झाकण, बाळाशेजारी थर्मामीटर. हवा बाहेर पडायच्या भोकावर एक चिमुकलं फिरकीचं पातं. ते फिरतंय म्हणजे हवा खेळतेय, थांबलं म्हणजे कुठेतरी अडलंय. इतकी साधी आणि इतकी उपयोगी खूण फार थोड्या यंत्रांत सापडते.

वापरायची रीत अशी. आधी तीनेक बाटल्या ठेवायच्या, अर्ध्या तासात आतलं तापमान ३१-३२ अंशांवर आलं की बाळ ठेवायचं. मग दर दीड-दोन तासांनी जी बाटली सर्वांत गार झाली असेल तेवढीच बदलायची. सगळ्या एकदम बदलल्या की तापमान उसळी मारतं. हे दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. म्हणजे दिवसाला बारा ते सोळा वेळा पाणी उकळणं, बाटली उचलणं, थर्मामीटर वाचणं. त्या काळच्या वर्णनांत खोक्याचं चित्र ठळक दिसतं, पण खोका चालवणाऱ्या बायका दिसत नाहीत. माझ्या मते तिथेच या इतिहासाची किल्ली आहे. पेटी ही एक शिस्त होती आणि ती शिस्त पाळणारी परिचारिका नसेल तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड. त्याहून वाईटही होऊ शकतं, कारण उघड्यावरचं बाळ गार पडलं तर हाताला कळतं, झाकणाखालचं कळत नाही.

आकडे काय सांगतात? ओव्हार यांनी १८८३ मध्ये लिहिलं की दोन किलोखालच्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. हा आकडा आजही सगळीकडे सांगितला जातो. तो खोटा म्हणायचं कारण नाही, पण ही तुलना आधीच्या काळाची नंतरच्या काळाशी आहे. पेटी आल्यावर त्या बाळांकडे लक्ष वाढलं, दूध पाजण्याची नवी रीत आली, स्वच्छता सुधारली. त्यातलं किती श्रेय खोक्याचं हे त्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. क्रेडे यांनी १८८४ मध्ये लगेच उत्तर दिलं की आमच्या टबाने हेच काम आम्ही केव्हापासून करतोय. मानापमान बाजूला ठेवला तर त्यांचं म्हणणं रास्त होतं. ऊब मिळाली की बाळ जगतं, मग ती खोक्यातून मिळो की टबातून.

हे नीट मांडलं ते तार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी. त्यांचं ‘ल नूरिसाँ’ हे पुस्तक १९०० मध्ये आलं आणि १९०७ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. त्यांनी बाळाच्या गुदद्वारातलं तापमान मोजून नोंदी ठेवल्या. तापमान ३६ ते ३७ अंशांच्या दरम्यान टिकवलेल्या बाळांपैकी ७७ टक्के जगली, ३२.५ ते ३३.५ पर्यंत उतरलेल्यांपैकी १० टक्के. खोक्यातली हवा किती गरम यापेक्षा बाळ किती गरम, हे मोजायचं. आज वरवर साधं वाटतं, पण पेटीचा आकडा बघून बाळाला हात न लावण्याची चूक अजूनही होते.

आता दूध. मला विचाराल तर तार्निए यांचं मोठं काम पेटीपेक्षा हे. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमतो. त्याआधीच्या बाळाला बोंडल्याने किंवा चमच्याने घाई करून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं, बाळ निळं पडतं. न पाजावं तर उपासमार. यावर १८८० च्या दशकात तार्निए यांनी नळीची रीत रूढ केली. लघवीसाठी वापरतात तसली मऊ रबरी नळी, तिच्या टोकाला काचेची छोटी वाटी. बाळाला मांडीवर घ्यायचं, डोकं किंचित उंच. नळी ओली करून जिभेच्या मुळापर्यंत न्यायची, बाळ गिळतं त्या क्षणी हलकेच पुढे सरकवायची, तोंडापासून सुमारे १५ सेंटिमीटर. मग वाटीत दूध ओतून वाटी उंच धरायची, दूध आपल्या वजनाने उतरतं. अगदी लहान बाळाला एका वेळी ८ ग्रॅम, आणि दर तासाला. शेवटी नळी चिमटीत दाबून झटक्यात काढायची. सावकाश काढली तर नळीतलं उरलेलं दूध घशात गळतं आणि नेमका जो अपघात टाळायचा तोच घडतो.

आज आपण नळीची लांबी बाळागणिक मोजतो, नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत. नळी पोटातच आहे याची खात्री केल्याशिवाय थेंबही सोडत नाही आणि ती आतच ठेवतो, दर वेळी काढत नाही. पण दूध ओतण्याची तऱ्हा तीच: पिचकारीचा दट्ट्या काढायचा आणि दूध आपोआप उतरू द्यायचं, दाबून ढकलायचं नाही.

दूध कोणतं, याबद्दल ब्यूदँ ठाम होते. आईचं, ते नसेल तर दूधपाजणाऱ्या दाईचं. गाईच्या दुधावरची बाळं हगवणीने जायची. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, जी वाचून आजही थबकायला होतं. पेटीतल्या बाळाची काळजी आईला घेऊच दिली नाही तर काही आया त्या बाळातून मन काढून घेतात आणि ते सोडून जातात. बाळ वाचतं, पण आई गमावून. म्हणून आईने येत राहावं, दूध द्यावं, काचेतून का होईना बाळ बघावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढची पन्नास-साठ वर्षे बहुतेक रुग्णालयांनी हे बाजूला ठेवलं आणि जंतूंच्या भीतीने आयांनाच दाराबाहेर उभं केलं.

जंतूंची भीती निराधार नव्हती. मातेर्नितेच्या मुख्य सुईण मादाम आंरी यांच्या प्रयत्नांनी १८९३ मध्ये अशक्त बाळांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. बाहेरून, घरोघरी जन्मलेली गारठलेली बाळं तिथे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर आजारही आले. एका छताखाली सगळ्यात दुबळी बाळं गोळा केली की काय होतं हे तिथे दिसलं. ब्यूदँ यांनी विभाग हाती घेतल्यावर आजारी आणि निरोगी बाळं वेगळी केली, दाया वेगळ्या केल्या.

मग जत्रेचं काय? तेही खरं, आणि त्यामागे पैशाचा हिशेब आहे. नीस शहरातल्या अलेक्सांद्र लियाँ यांनी धातूची, काचेच्या दाराची, आपोआप तापमान राखणारी पेटी बनवली. तिला बाहेरची ताजी हवा नळाने आत घ्यायची सोय होती. पेटी उत्तम, पण महाग आणि चालवायला खर्चिक. गरिबांच्या बाळांसाठी खर्च कोण करणार? लियाँ यांनी शहरात दुकानासारखी जागा घेऊन पेटीतली बाळं दाखवायला सुरुवात केली. पन्नास सांतीम प्रवेशफी, आईबापांकडून काही नाही. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात हे झालं, १८९७ मध्ये लंडनला, १८९८ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहाला. मार्टिन कूनी हे नाव तिथून पुढे येतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या जत्रेच्या किनाऱ्यावर त्यांनी १९०३ पासून १९४३ पर्यंत दर उन्हाळ्यात बाळं दाखवली. तिकीट पुढे पंचवीस सेंट. बाजूला सर्कस, झुले, खाण्याच्या गाड्या, आणि मध्ये स्वच्छ खोलीत जेमतेम किलो-दीड किलोची बाळं.

कूनी यांच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा सापडत नाही, आणि आपण साडेसहा हजार बाळं वाचवली हा आकडा त्यांचा स्वतःचा आहे. तरी त्यांना भोंदू म्हणून निकालात काढू नका. त्यांच्याकडे शिकलेल्या परिचारिका होत्या, दूधपाजणाऱ्या दाया होत्या, आणि बाळाच्या घरच्यांना पैसे पडत नसत. त्या शहरातल्या बहुतेक रुग्णालयांत या बाळांसाठी तेव्हा काहीच सोय नव्हती. उलट उदाहरणही त्याच व्यवसायातलं आहे. १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनातलं पेट्यांचं दालन दुसऱ्यांनी चालवायला घेतलं. पेट्या तशाच, पण उन्हाळ्यात हगवणीची साथ आली आणि बाळं पटापट गेली. मग जॉन झहोर्स्की या डॉक्टरांनी ताबा घेऊन स्वच्छता बसवली, प्रेक्षक आणि बाळं यांच्यामध्ये काच घातली, आणि झालेला सगळा प्रकार पुढे छापून प्रसिद्ध केला. पेटी एकच, फळ वेगळं. फरक दूध आणि हात यांचा.

रुग्णालयांतही हेच झालं. १९०० नंतर अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पेट्या घेतल्या गेल्या आणि धूळ खात पडल्या, कारण रात्रपाळीला माणूस नव्हतं. शिकागोत ज्युलियस हेस यांनी १९२२ मध्ये कमी दिवसांच्या बाळांचं केंद्र सुरू केलं. तिथे त्यांनी विजेवर तापणाऱ्या पाण्याच्या दुहेरी भिंतींचा पाळणा वापरला, म्हणजे जवळजवळ क्रेडे यांचंच टब, विजेचं. पण केंद्राचं नाव झालं ते एव्हलिन लुंडीन या मुख्य परिचारिकेच्या शिस्तीमुळे. कोणत्या बाळाला कोणी, कधी, किती पाजायचं, हात कधी धुवायचे, बाळाला विनाकारण किती वेळा हलवायचं नाही, सगळं ठरलेलं.

भिंतींचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो इथे. १९३८ नंतर फिलाडेल्फियाच्या चार्ल्स चॅपल यांच्या रचनेतून आजच्यासारखी, हात घालायच्या गोल खिडक्यांची पारदर्शक पेटी आली. आतली हवा गरम, पण भिंत एकेरी आणि बाहेरच्या खोलीइतकी गार. उघडं बाळ त्या गार भिंतीकडे उष्णता फेकत राहतं, मधली हवा कितीही गरम असो. थंडीत बंद खिडकीच्या काचेपाशी बसल्यावर वारा नसूनही गारवा लागतो, तसं. त्यात त्या काळात डॉक्टर पेटी पूर्वीपेक्षा थंडच ठेवत. न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी १९५८ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत बाळं विभागून तपासलं: एका गटाची पेटी २८.९ अंशांवर, दुसऱ्याची ३१.७ वर. जास्त उबेतली बाळं सुमारे १५ टक्क्यांनी अधिक जगली. ओव्हार यांच्या लाकडी खोक्याचं तापमान काय होतं ते वर पुन्हा वाचा. पाऊणशे वर्षांनी आपण तिथेच परत आलो, पण या वेळी पुराव्यानिशी.

पुरावा नसताना काय होतं याचं सर्वांत कडू उदाहरण ऑक्सिजनचं. निळं बाळ ऑक्सिजनने गुलाबी होतं हे दिसायचं, म्हणून बंद पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडायची पद्धत १९४० च्या दशकात पडली. १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अशा बाळांमधला नवाच अंधपणा नोंदवला. या बाळांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या अजून वाढायच्या असतात. जास्त ऑक्सिजनने त्यांची वाढ थांबते आणि नंतर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने ऑक्सिजनवर बोट ठेवलं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली होती, आणि ती जास्त करून चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांतली. मग सगळीकडे ऑक्सिजन कापला, तर श्वासाअभावी मृत्यू वाढले. मधली वाट सापडायला रक्तातला ऑक्सिजन सतत मोजण्याची साधनं यावी लागली. फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या द्रवाची कमतरता हे श्वास न पेलण्याचं कारण आहे, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. त्याच्या आधी पेटी कितीही उत्तम असली तरी अगदी लहान बाळ का जात होतं, याचं उत्तर त्यात आहे.

आपल्याकडचा दुवा अलीकडचा, पण या कथेशी थेट जोडलेला. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रेय आणि एक्तोर मार्तिनेस यांच्याकडे पेट्या कमी पडत होत्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत. तार्निए यांच्या पहिल्या खोक्यातला तोच दोष. त्यांनी बाळ आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू केअर. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, म्हणजे ब्यूदँ यांच्या दायांची जागा तपासलेल्या, निर्जंतुक केलेल्या दुधाने घेतली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बाईला बाळ मोजणं, उबेत ठेवणं, पाजणं आणि जंतुसंसर्ग ओळखणं शिकवलं. १९९९ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट होती, तीही एकही काचेची पेटी नसताना. आणि २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. तुलनेतल्या बाळांना पेट्या आणि बाकीचे उपचार मिळत होतेच.

आता सातव्या-आठव्या महिन्याचं. हे फक्त आपल्याकडचं म्हणणं नाही. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या, हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत आठमाशी बाळाबद्दल हीच समजूत आहे. ती चुकीची आहे. दिवस जितके जास्त भरतात तितकी जगण्याची शक्यता वाढते, मध्ये कुठेही खड्डा नाही. मग समजूत टिकली कशी? एक तर महिन्यांची मोजणी कच्ची. ‘सातवा लागला’ आणि ‘सात पूर्ण झाले’ यात चार आठवड्यांचा फरक, आणि या वयात चार आठवडे म्हणजे सगळंच. दुसरं, जगलेलं सातमाशी बाळ ही नवलाची गोष्ट, ती तीन पिढ्या सांगितली जाते. गेलेल्याचा कोणी विषय काढत नाही. आठव्यातलं मूल गेलं की मात्र ‘आम्ही म्हणत होतोच’. (आणि लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेली काही गुटगुटीत बाळं मुळात सातमाशी नसतातच, हे जगभरच्या वंशावळ्या चाळणाऱ्यांना ठाऊक आहे. तुमच्या आजीबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

तिसरं कारण आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं. लहान बाळ म्हणजे लवकर आलेलं बाळ असं नसतं. आर्वो इल्प्यो या फिनिश बालरोगतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला २५०० ग्रॅमची रेषा आखली, १९४८ मध्ये जगभर तीच अपुऱ्या दिवसांची व्याख्या ठरली. पण १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेलाच शब्द बदलावा लागला, ‘कमी वजनाचं बाळ’. कारण आईच्या कुपोषणामुळे, रक्तक्षयामुळे पोटातच खुरटलेली, पण दिवस पूर्ण भरलेली बाळं भारतासारख्या देशात खूप असतात. पावणेदोन किलोचं पूर्ण दिवसांचं बाळ दिसायला सातमाशीसारखं, पण फुप्फुसं पिकलेली, चोखता येणारं. त्याला ऊब आणि दूध मिळालं की ते तरतं.

म्हणून तुमच्या आजीच्या बाबतीत माझा अंदाज असा: ती एक तर बत्तीस-तेहतीस आठवड्यांच्या पुढची असावी किंवा दिवस भरलेली पण बारीक. घरात कोणाला आठवत असेल तर दोन गोष्टी विचारा. ती जन्मतः जोरात रडली का, आणि पहिल्या आठवड्यात स्वतः अंगावर प्यायली की पिळलेलं दूध कापसाच्या बोळ्याने किंवा बोंडल्याने द्यावं लागलं? पहिल्याच दिवसापासून ओढून पीत असेल तर ती सातव्यातली असण्याची शक्यता कमी. बोळ्याने दूध द्यावं लागलं असेल तर थेंब-थेंब पाजणारी, रात्री शेगडी फुलवणारी कोणीतरी पणजी, आत्या किंवा सुईण त्या घरात होती, आणि तिचं नाव कोणाला माहीत आहे का तेही विचारून बघा.

आणि घरात आत्ता कोणाचं असं बाळ येणार असेल म्हणून विचारत असाल, तर शेगडी, गरम पाण्याची बाटली, बल्ब यांच्या वाटेला जाऊ नका, भाजलेली बाळं अजूनही येतात. बाळ पुसून कोरडं करा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून दोघांना पांघरूण घाला आणि त्याच स्थितीत रुग्णालयात न्या. आंघोळ घालायची घाई नको. पाय हाताला गार आणि पोट गरम लागलं तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार लागली तर वेळ थोडा आहे.